वास नेमका कोण घेतं?

नाकातले पॉलिप दुखत नाहीत. नाकाच्या आणि सायनसच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली की ते पाणी धरून फुगतं आणि खाली लोंबू लागतं. दुर्बिणीतून पाहिलं तर फिकट, ओलसर, जवळजवळ पारदर्शक कोंब दिसतात. ‘नाकात मांस वाढलंय’ असं सांगत पेशंट येतो. नाक चोंदतं, घशात शेंबूड उतरतो, बोलणं नाकात येतं, या तक्रारी आधी निघतात. वास गेल्याची गोष्ट पुष्कळदा शेवटी येते, तीही ‘जेवणाला चव लागत नाही’ अशा शब्दांत. जीभ खरं तर शाबूत असते. गोड, खारट, आंबट, कडू सगळं तिला कळत असतं. पण आमटीची ओळख पटवणारा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो, आणि तीच वाट अडलेली असते.

या वाटेचा भारतीय दर्शनांनी फार बारकाईने विचार केला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ न्यायदर्शन शिकणाऱ्याच्या हाती अजूनही सगळ्यात आधी पडतो. त्यात पृथ्वीची व्याख्याच गंधावरून केलेली आहे. पाणी, तेज, वायू यांना स्वतःचा गंध नाही. पाण्याला वास आला तर त्यात पृथ्वीचा अंश मिसळला आहे असं समजायचं. गंधाचं ज्ञान करून देणारं इंद्रिय म्हणजे घ्राण, आणि तेही पृथ्वीचंच बनलेलं. कारण ते रूप, रस वगैरे सोडून फक्त गंध प्रकट करतं, केशराचा वास खुलवणाऱ्या गाईच्या तुपासारखं. मात्र हे घ्राण म्हणजे आरशात दिसणारं नाक नव्हे. नाक हे त्याचं राहण्याचं ठिकाण. इंद्रिय स्वतः दिसत नाही. ते आहे हे त्याच्या कामावरून ओळखायचं.

वरवर पाहता हा भेद पंडिती वाटतो. पॉलिपच्या पेशंटसमोर मात्र तो एकदम जिवंत होतो. नाक जागेवर आहे, श्वासही थोडाफार चालतो आणि वास येत नाही. मग गेलं काय? इंद्रिय, की इंद्रियापर्यंतची वाट?

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स दिला की यातल्या अनेकांना काही दिवसांतच वास येऊ लागतो. चहातलं आलं कळतं, कपाटातल्या डांबरगोळ्या कळतात, भाजी लागायच्या आत गॅस बंद करता येतो. मेलेलं इंद्रिय असं चार दिवसांत उठून बसत नाही. इथे नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांची, बाजू भक्कम दिसते. इंद्रियाचा विषयाशी प्रत्यक्ष संबंध आल्याशिवाय ज्ञान होत नाही, असं ते पाचही इंद्रियांबद्दल म्हणतात. जैनांनी हे डोळ्याच्या बाबतीत नाकारलं. बौद्धांनी डोळ्याच्या आणि कानाच्याही. घ्राणाबद्दल मात्र तिघांचं एकमत आहे: गंध नाकापर्यंत पोहोचलाच पाहिजे. पॉलिप नेमकं तेच होऊ देत नाहीत.

पण गोष्ट इतक्यावर मिटत नाही. वास टिपणाऱ्या मज्जापेशी नाकाच्या छतापाशी काही चौरस सेंटिमीटरच्या पट्ट्यात असतात. पॉलिपला जन्म देणारी सूज त्या पट्ट्यातही शिरते आणि पेशींचं काम बिघडवते. म्हणून वाट मोकळी करूनही काहींचा वास परत येत नाही. ठिकाण वेगळं आणि इंद्रिय वेगळं, ही न्यायाची रेषा विचाराला फार उपयोगी आहे, पण सूज ती रेषा मानत नाही. न्यायाचा आदर ठेवूनही हे कबूल करायला हवं.

आता पुढचा प्रश्न. वर्षानुवर्षं वास न आलेल्या बाईने फोडणी टाकली, मोहरी तडतडलेली ऐकली, हिंग पडताना पाहिला. वास आला नाही, तरी तो कसा असतो हे तिला आठवलं. आठवलं कुणाला? न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात याच जातीचा युक्तिवाद आहे: आंबट फळ नुसतं पाहून तोंडाला पाणी सुटतं, म्हणजे डोळा आणि जीभ यांच्यापलीकडे दोघांचे अनुभव एकत्र धरणारा कुणी तरी असला पाहिजे. इंद्रियच ज्ञाता असतं तर त्याच्याबरोबर त्याच्या आठवणीही गेल्या असत्या. बौद्ध याला उत्तर देतात की त्यासाठी कायम टिकणारा आत्मा कशाला हवा? एका क्षणाच्या जाणिवेने पुढच्या क्षणाला दिलेला संस्कार पुरतो. हा वाद कुठलीही दुर्बीण सोडवणार नाही. मात्र वास गेलेला माणूस काहीतरी किरकोळ हरवून बसलेला नाही, हे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. वैशेषिक दर्शनाच्या हिशेबाने तर पृथ्वीचा खास तिचा असा जो गुण, तोच त्याला पारखा झालेला असतो.

उपचारांनी मात्र वास जाण्याची बाब बराच काळ दुय्यम मानली. सुश्रुतसंहितेत नाकातल्या अर्शाच्या, म्हणजे मांसाच्या कोंबांच्या, लक्षणांत सर्दी, शिंका, श्वासाचा त्रास, दुर्गंधी, अनुनासिक बोलणं आणि डोकेदुखी येते; वास जाणं या यादीत नाही. अर्शावर औषध, क्षार, अग्निकर्म आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. विसाव्या शतकातही सर्जन तारेच्या फासाने पॉलिप ओढून काढत. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून सायनसच्या वाटा अभ्यासल्या, त्यांचे शिष्य स्टामबर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी १९८०च्या दशकात दुर्बिणीतून ऑपरेशन करण्याचं तंत्र जगभर नेलं. आज सर्जन पडद्यावर बघत बघत मिलिमीटरच्या हिशेबाने पुढे सरकतो. नाकाच्या छताचं हाड पातळ, त्याच्यावर मेंदू, आणि त्याच हाडाच्या चाळणीतून वासाचे तंतू खाली उतरलेले. पॉलिप काढायचे आणि तंतू राखायचे! हात जितका आवरता, तितकं शस्त्रकर्म चांगलं. ऑपरेशनने वाट मोकळी होते, सूज येण्याची प्रवृत्ती जात नाही. म्हणून मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा स्प्रे पुढेही चालू ठेवावा लागतो. स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र पुन्हा पुन्हा देता येत नाहीत. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

२०१९ मध्ये अमेरिकेत डुपिलुमॅब या इंजेक्शनला पॉलिपसाठी मान्यता मिळाली. सूज पेटवणारे इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचे निरोप ते अडवतं. त्याच्या चाचण्यांमध्ये पॉलिपच्या आकाराबरोबर ४० वासांच्या ओळख-परीक्षेने वासही मोजला गेला. २०२०च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ऑपरेशन होऊनही पॉलिप परतलेल्या रुग्णाला अशी इंजेक्शनं द्यायची का, हे ठरवण्यासाठी पाच निकष घातले. वासाचं मोठं नुकसान हा त्यातला एक आहे. फार उशिरा का होईना, पेशंट शेवटी सांगत असलेली तक्रार कागदावर मोजली जाऊ लागली.

ओपीडीत वास तपासायला महागडा संच लागत नाही. डोळे मिटायला सांगायचं, एक नाकपुडी दाबून दुसरीपाशी कॉफी, लवंग किंवा हिंग धरायचा, मग बाजू बदलायची. अमोनिया इथे चालत नाही. तो वासाच्या नसेशिवाय चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या नसेलाही झोंबतो, म्हणून वास पुरता गेलेला माणूसही मान मागे घेतो. नैयायिकांना यात नवल वाटणार नाही. त्यांच्या मते त्वक्, म्हणजे स्पर्शाचं इंद्रिय, सगळ्या शरीरभर पसरलेलं असतं, नाकाच्या आतही.