इंद्रियांचे पहिले शिक्षण

इंद्रियनिग्रह हा धर्ममार्गाचा पाया होय, असे ज्या परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या शिकविले, तिच्यातच वाढलेली एखादी माता वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावी आपल्या तीन वर्षांच्या लेकरापुढे परातीत भिजविलेली काळी माती, वाटीत तुरीचे दाणे आणि घमेल्यात पाणी ठेवून त्यास मनसोक्त हात घालू देते, तेव्हा ती धर्माशी विसंगत वागते काय, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. कठोपनिषदाने इंद्रियांना घोडे म्हटले खरे. परंतु ज्याची अद्याप घोड्यांशी ओळखच नाही, त्याच्या हाती लगाम देण्यात कोणता विवेक? नैयायिकांनी प्रत्यक्षाला प्रमाणांत प्रथम स्थान दिले, आणि सांख्यांनी तर शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध या तन्मात्रांपासूनच पंचमहाभूतांची उत्पत्ती मानली.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी भोवतालच्या बिया, पाने व शंखशिंपले यांची जी तजवीज त्यांनी केली, तीत काटकसरीहून काही अधिक होते, अशी माझी श्रद्धा आहे. दाणा नाकाकानांत जाऊ नये म्हणून वडीलधाऱ्याने जवळ बसावे, ही खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. भागवतातील यशोदेने माती खाल्ल्याबद्दल बाळकृष्णास दटावले, आणि त्याच मुखात तिला विश्व दिसले. मग पोळ्यापूर्वी मातीचा बैल वळणाऱ्या मुलाला हात धुण्याची निकड आपण का लावावी?