राखून ठेवलेलं काम

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नातेपुत्याच्या बाजारातून एक चक्कर मारली, तर इथलं कोण आणि सुट्टीवर आलेलं कोण हे गाड्यांच्या नंबरांवरून कळतं. एमएच ४५ म्हणजे अकलूजच्या आरटीओतली, घरची. एमएच १२ आणि १४ या पुण्याहून, पिंपरी-चिंचवडहून आलेल्या. चार दिवसांपूर्वी याच गाड्या शिखर शिंगणापूरच्या वाटेला दिसत होत्या, नाहीतर पंढरपूरच्या. आज त्या बँकेसमोर, औषधांच्या दुकानासमोर, झेरॉक्सवाल्यासमोर वेड्यावाकड्या उभ्या असतात. मागच्या सीटवर स्वेटरवर शाल आणि डोक्याला घट्ट स्कार्फ असा बंदोबस्त केलेली आई किंवा कानटोपी घातलेले वडील बसलेले असतात. गाडीतून उतरणाऱ्याच्या हातात कागदांची पिशवी असते. त्यात आधार कार्ड, पासबुक, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, दोन फोटो.

ही सगळी कामं शेवटच्याच दिवशी का निघतात? आळस हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर. सुट्टीचे दिवस फराळात आणि झोपेत गेले, आता गळ्याशी आलं म्हणून धावपळ. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. आळस असता तर कामं पुढच्या सुट्टीवर गेली असती, किंवा घरी राहणाऱ्या भावाच्या गळ्यात पडली असती. तसं होत नाही. परतीच्या आदल्या दिवशी थंडीत लवकर उठून, आंघोळी उरकून, आईला घेऊन माणसं गावात येतात आणि चारपाच ठिकाणी रांगा लावतात. त्यात काहीतरी ठरवलेलं दिसतं.

सुट्टीला घरी आलेलं माणूस पहिले काही दिवस पाहुणा असतं. मी तर माहेरवाशीण, म्हणजे दुप्पट पाहुणी. अभ्यंगस्नानाचं पाणी मला आधी, धुतलेली सोलापुरी चादर मला, चुलीजवळची उबेची जागा मला. भाकरी थापायला बसले की वहिनी परातीला हात लावू देत नाही. या लाडाबद्दल माझी तक्रार नाही. पुण्यात वर्षभर घड्याळाला बांधलेल्या बाईला ते दिवस फार हवे असतात. पण पाहुण्यापुढे घर नेहमी आवरून बसतं. फुटका कप मागे जातो, तसं दुखणंही मागे जातं. आईच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे, हे मला भाऊबीज झाल्यावर दिसलं, कारण मी आल्यापासून ती माझ्यासमोर चष्माच लावत नव्हती. देवघरातली पोथी उघडून बसायची आणि पान उलटायचं विसरायची.

मग परतीचा दिवस जवळ येतो आणि घर बोलायला लागतं. सुरुवात फार आडून होते. "नातेपुत्याला जाणार असलीस तर..." "वाटेवरच हाय म्हणून सांगते..." आधी एक गोळ्यांचं पाकीट पुढे येतं, मग कपाटातून पासबुक, मग पेट्रोमॅक्सच्या जुन्या खोक्यात ठेवलेले कागद. चष्मा सगळ्यात शेवटी. ज्या गोष्टी इतके दिवस झाकल्या होत्या त्या एकेक करून पलंगावर मांडल्या जातात, आणि मांडता मांडता आईचा आवाज बदलतो. इतके दिवस ती मला "अजून एक करंजी घे" म्हणत होती, आता "ती फाइल इकडं दे, तुला कळंना का" म्हणते. तो आवाज ओळखीचा असतो. लग्नाआधी रोज ऐकलेला.

कार्तिकातली थंडी आमच्याकडे कालव्याच्या कडेला जास्त बोचते. नीरा उजव्या कालव्याचं पाणी, दोन्ही अंगांना ऊस आणि पहाटेचं दव. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालेलं असतं, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. त्या ट्रॉल्यांच्या मागे मागे आम्ही दोघी स्कूटीवर गावात येतो. हाच रस्ता आषाढात माऊलींच्या पालखीचा. धर्मपुरीत सोलापूर जिल्ह्यात शिरलेली पालखी नातेपुत्यात मुक्काम करते, तेव्हा इथे पाऊल ठेवायला जागा नसते. कार्तिकात इथे गर्दी असते ती आमच्यासारख्यांची.

पहिलं काम हयातीच्या दाखल्याचं. वडील साखर कारखान्यात होते. त्यांच्यामागे आईला कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खालची पेन्शन मिळते. या योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, आणि आईची त्याच्या फार वर जात नाही. गोळ्यांचाही खर्च त्यातून पुरता निघत नाही. पण ती त्यांना "ह्यांचे पैसे" म्हणते, आणि ते बंद पडू नयेत म्हणून वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे नोंदवून येते.

सेवा केंद्रातल्या मुलाने यंत्र पुढे सरकवलं. आईने अंगठा ठेवला. घेतला नाही. पुसून ठेवला, तरी नाही. खुरपणीत, भाकरी थापण्यात, शेणकुटात आईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, आणि थंडीने कातडी कोरडी पडून वर बारीक भेगा. मुलगा रोज अशी बोटं बघणारा होता. म्हणाला, "मावशी, डोक्यावरनं फिरवा जरा." केसांच्या तेलाने बोट ओलसर होतं आणि रेषा उठतात. आईने स्कार्फ मागे सारून बोट भांगातून फिरवलं. तर्जनीही घेतली नाही. मग मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून चोळत बसले, ऊब यावी म्हणून. मागच्या रांगेतल्या कुणीही घाई केली नाही, त्यांच्याही बरोबर तशीच बोटं होती. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली तशी आई म्हणाली, "झालं बाई. आता वरीसभर मी हाय."

बाहेर आल्यावर दादाचा फोन आला. झालं का म्हणून विचारलं आणि मग म्हणाला, "मी तिला कवाच म्हणलं हुतं, मोबाइलवर तोंड दाखवूनबी हुतंय. ऐकंल तर शप्पथ." ते खरं आहे. बोटांची ही अडचण सगळीकडचीच, म्हणून नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवून हयातीचा दाखला देण्याची सोय झालेली आहे. दादाकडे माझ्यासारखाच फोन आहे. तो दिवसाआड नातेपुत्यात असतो. वहिनी तर घरातलं सगळंच बघते: दुधाचा हिशोब, मुलांची शाळा, आईच्या गोळ्यांच्या वेळा. वर्षभर रोज काम करणारी ती, आणि एका दिवसाच्या कामाचं कौतुक माझं, हे बरोबर नाही, आणि ते मी तिच्यासमोर बोलूनही दाखवते. पण मुद्दा असा, की हे काम माझ्यावाचून अडलेलं नव्हतं. चष्म्याची काडी महिन्यापूर्वी बसवता आली असती. कणसं निवडून बियाण्याला बाजूला काढावीत तशी आईने यातली काही कामं निवडून बाजूला ठेवली होती. उरलेली कामं शेवटच्या दिवशी निघतात असं आपल्याला वाटतं. खरं तर ती राखलेली असतात.

कशासाठी राखलेली असतात, हे मी बरेचदा मनात फिरवून पाहिलं आहे. लेकीला द्यायला आईकडे साडी असते, शिदोरी असते, चटणीची पिशवी असते. हे सगळं पाहुण्यालाही देता येतं. पाहुण्याला काम तेवढं सांगता येत नाही. ते सांगायला माणूस घरचं असावं लागतं. माझ्यासाठी काम बाजूला ठेवून आई मला घरातला वाटा देते, आणि तो रस्त्याला लागायच्या आत माझ्या पदरात पडावा अशी तिची धडपड असते.

पूर्वी घाटावरचे हजारो पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. घरी पैसे यायचे मनीऑर्डरने, माणूस यायचा यात्रेला, सुगीला, लग्नकार्याला. मनीऑर्डरवर घर चालायचं, तरी बांधाचा वाद, विहिरीची हिस्सेवाटणी, मुलीचं स्थळ बघायला जाणं ही कामं तो येईपर्यंत थांबवून ठेवलेली असत. पैसे आले म्हणून ती कुणी परस्पर उरकत नसे. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर सोन्याचांदीच्या पेढ्यांच्या गावी पसरले, त्यांच्याही घरी असंच. आता पैसे फोनवरून क्षणात येतात, आणि नेमकी उलटी गोष्ट झाली आहे: देहाने हजर राहून करायची कामं वाढली. रेशनकार्डाला बोट लागतं. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत खात्यावर येतात, पण त्यासाठीही केवायसी करून घ्यावी लागते. म्हाताऱ्या माणसाचं बोट आणि तरुण माणसाचं डोकं एकाच खिडकीसमोर एकाच वेळी असावं लागतं. सरकारला त्यातून दुसरं काही अभिप्रेत असेल, पण त्या बाकड्यावर आई आणि लेक एकमेकींना चिकटून बसतात खऱ्या.

मात्र याच दिवसांत, याच पिशवीतून, आणखी एक कागद नेला जातो, आणि त्याच्याविषयी बोलल्याशिवाय हे लिहिणं मला अर्धवट वाटेल. भाऊबीज झाली, ओवाळणी झाली, बहिणी अजून माहेरी आहेत, तेवढ्यात एकदा तालुक्याला जाऊन येऊ म्हणतात. तिथे हक्कसोडपत्रावर सह्या होतात. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण त्यातून तेव्हा लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला आणि तो भेद गेला. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात स्पष्ट केलं. कागद इतका स्वच्छ असताना सह्या मात्र भराभर होतात. गोळ्या आणायच्या, दळण टाकायचं, आणि जाता जाता एवढी एक सही.

कुणी समजून उमजून, भावाची ओढग्रस्त बघून आपला हिस्सा सोडत असेल तर तिच्या मोठेपणाला मी हात जोडते. माझा आक्षेप ती सही कामांच्या यादीत सरकवण्याला आहे. कारण तिला वाटतं, आज आपल्याला घरचं समजून काम सांगितलं. आणि त्या एका कामाने ती कायमची पाहुणी होऊन परत जाते. पुढच्या दिवाळीला तिला चादर मिळेल, करंजी मिळेल, चुलीजवळची जागा मिळेल. पलंगावर पासबुक मात्र कुणी मांडणार नाही. मी हे जवळून पाहिलं आहे. सही केलेली बाई पुढे कधी आईच्या डोळ्यांबद्दल विचारायला लागली, तर तिची तिलाच चोरी वाटते, बोलता बोलता ती थांबते. जमीन सोडली की काळजीचाही हक्क गेला, असं कायद्यात कुठे नाही. तरी मनात तसं बसतं. म्हणून हा विषय काढायचाच असेल तर सुट्टीच्या पहिल्या दिवशी काढावा, सगळ्यांनी बसून, बहिणीला नाही म्हणता येईल इतका वेळ हाताशी ठेवून.

आमच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं आहेत. वारसनोंद दादाने स्वतः तलाठ्याकडे अर्ज देऊन केली, मला फक्त फेरफाराचा फोटो पाठवला. जमिनीचं मी कधी काही विचारत नाही. पण आई ज्या अधिकाराने "ती फाइल इकडं दे" म्हणते, त्या अधिकाराला त्या उताऱ्याचा आधार आहे असं मला वाटतं.

बाकीची कामं त्या दिवशी भराभर झाली. चष्म्याला नवी काडी बसली, काचा होत्या त्याच राहिल्या. रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या मिळाल्या. माळवं आईने स्वतः निवडलं, मला हात लावू दिला नाही, "तुमच्या पुण्यात आंधळ्यावानी घेताय" म्हणाली. ऊन वर आलं तशी तिने शाल काढून घडी करून माझ्या पिशवीत कोंबली. चष्मेवाल्याने डोळे तपासताना उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागल्याचं सांगितलं होतं. घाई नाही, पण डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा म्हणाला. घरी आल्यावर दादाने ते ऐकलं आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात मी अकलूजला नेऊन आणतो.

"तू गप," आई म्हणाली. "दाखवायला ने. आप्रेशन चैतात. शिंगणापूरच्या यात्रेला ही येतीया न्हवं, तवा ही बघंल."