दोन तारखांच्या मधे

आईच्या केसपेपरवर दर तीन महिन्यांनी एक तारीख पडते. तारखेखाली उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर, बीपी, वजन. मग गोळ्यांची नावं. कधी एखादी गोळी वाढते, कधी अर्धीची पूर्ण होते. तळाशी पुढची तारीख. सोळा वर्षांचे असे कागद एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत आणि ती पिशवी आमच्या घरात रेशनकार्डासारखी जपली जाते. त्या कागदांवरून कुणीही जाणता डॉक्टर तिच्या आजाराची सोळा वर्षांची वाटचाल सांगू शकेल. पण एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतचे नव्वद दिवस तिने कसे काढले, हे त्या पिशवीत कुठेच नाही.

आणि मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात यांचा मुक्काम त्या नव्वद दिवसांतच असतो. अपेंडिक्सचं ऑपरेशन डॉक्टर करतात, तेव्हा रुग्ण झोपलेला असतो. इन्सुलिन मात्र ज्याचं त्याने टोचून घ्यायचं. भात किती वाढून घ्यायचा हे त्याने ठरवायचं, आणि रात्री दोन वाजता घाम फुटून हात थरथरायला लागले तर साखरेचा डबाही त्यानेच शोधायचा. भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असावेत, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. एवढ्या माणसांच्या उपचाराचा मोठा भाग त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. तिथे तो कसा होतो, हे त्यांना विचारणारं कुणी नसतं.

काही वर्षांपूर्वी आईला तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना बिलाच्या खिडकीपाशी एका मुलीने फॉर्म पुढे केला. त्यावर रडव्यापासून हसऱ्यापर्यंत पाच चेहरे होते. आईने चष्मा न लावताच सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, “सगळे चांगलेच वागले गं.” त्या तीन दिवसांत तिच्या इन्सुलिनचं प्रमाण बदललं होतं आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. रात्रीचं इंजेक्शन जेवणाआधी घ्यायचं की नंतर, हे मी वेगवेगळ्या चौघांना विचारलं आणि मला दोन वेगळी उत्तरं मिळाली. तरीही तिचं ते बोट खोटं नव्हतं. सिस्टरबाई खरंच रात्रभर धावत होत्या. आई आपल्या पायांनी घरी निघाली होती. कृतज्ञता खरी होती आणि अडचणही खरी होती. त्या कागदावर जागा फक्त कृतज्ञतेला होती.

समाधान मोजण्यातली ही खोट अभ्यासकांच्या ध्यानात येऊन बराच काळ झाला. ‘तुम्ही समाधानी आहात का’ या प्रश्नाचं उत्तर मिळालेल्या सेवेवर जितकं अवलंबून असतं, तितकंच आपण काय अपेक्षा ठेवून गेलो होतो यावरही असतं. ज्याने काहीच मागितलेलं नाही तो लवकर समाधानी होतो. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका छोट्या लेखात केरळ आणि बिहारची तुलना केली होती. आयुर्मान सर्वांत जास्त केरळचं, आणि ‘मी आजारी आहे’ असं सांगणारेही तिथेच सर्वांत जास्त. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि आजाराची तक्रारही कमी. शिक्षण आणि दवाखाने जवळ असले की माणसाला आपलं दुखणं ओळखता येतं, ते बोलून दाखवावंसं वाटतं. सेन आजाराच्या जाणिवेबद्दल बोलत होते. माझ्या मते सेवेच्या जाणिवेलाही ते तसंच लागू पडतं. कमी तक्रारी आल्या म्हणून सेवा चांगली, असा निष्कर्ष काढणारा अधिकारी सर्वांत गप्प गावाला सर्वांत सुखी ठरवून बसेल.

म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पिकर यांच्या नावाने चाललेल्या उपक्रमातल्या संशोधकांनी प्रश्नच बदलला. सेवा कशी वाटली हे बाजूला ठेवून त्यांनी काय घडलं ते विचारायला सुरुवात केली. औषधाचे दुष्परिणाम कुणी समजावून सांगितले का? घरी गेल्यावर कोणत्या लक्षणाची काळजी करायची, हे सांगितलं का? अशा प्रश्नाला उत्तर देताना डॉक्टरांविषयीचा आदर आड येत नाही. आई डॉक्टरांना देवमाणूस म्हणेल आणि त्याच दमात “नाही, ते नाही सांगितलं” असंही म्हणेल. रुग्ण इथे साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराकडून आपण त्याने पाहिलेलं-ऐकलेलं मागतो.

डॉक्टर मंडळींचा नेहमीचा आक्षेप असतो की सामान्य माणसाला वैद्यकातलं काय कळतं. गोळी योग्य निवडली की नाही, हे आईला कळत नाही, मान्य. पण गेल्या वर्षभरात तिला चपला-मोजे काढायला लावून कुणी तिचे पाय तपासले का, हे तिच्याइतकं खात्रीने कोण सांगणार? मधुमेहात पायांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ती झाली की नाही हे कागदावरून कळेलच असं नाही. तिच्याकडून कळेल.

दीर्घ आजारासाठी म्हणून बेतलेली सर्वांत परिचित प्रश्नावली २००५ साली रसेल ग्लासगो, एडवर्ड वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. वॅग्नर हे सिएटलचे डॉक्टर. आपले दवाखाने अचानक उद्भवणाऱ्या आजारांसाठी बांधलेले आहेत आणि रेंगाळणाऱ्या आजारांना ते पुरे पडत नाहीत, हा विचार त्यांनी १९९०च्या दशकात मांडला होता. प्रश्नावलीत वीस प्रश्न आहेत, गेल्या सहा महिन्यांबद्दलचे. प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत एक ते पाच गुण. उपचार ठरवताना तुमचं मत विचारलं का, हा त्यातला एक प्रश्न. आजाराचा तुमच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे विचारलं का, हा दुसरा. भेटीनंतर कसं चाललंय म्हणून कुणी संपर्क केला का, अडचणीच्या काळातही काळजी घेता यावी म्हणून आधीच काही ठरवायला मदत केली का, हेही त्यात आहे. शुगर किती आली, हे त्यात कुठेही नाही.

ही प्रश्नावली मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला फार मोलाची वाटली आणि लगेच अपुरीही वाटली. अडचणीचा काळ म्हणजे नेमका कोणता? आमच्या घरी तो आषाढी एकादशीला सुरू होतो. चातुर्मासातले उपवास, श्रावणी सोमवार, मग हरतालिका, गौरी, नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याची खिचडी खाऊन शुगर चढते. निर्जळी केली आणि सकाळची गोळी मात्र घेतली, तर शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते. ‘उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?’ हा प्रश्न सिएटलमध्ये सुचणार नाही. सोलापुरात तो पहिल्या पाचांत हवा. बरेच जण डॉक्टरांना उपवासाचं सांगतच नाहीत, कारण मागे कधी तरी सांगितल्यावर बोलणी खाल्लेली असतात. तेव्हा पोटप्रश्न असाही हवा: तुम्ही सांगितलंत तर ऐकून घेतलं जाईल, असं तुम्हाला वाटतं का?

सहा महिन्यांची ती मर्यादाही बघा. बीडमधला ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. त्याचे गेले सहा महिने कोणत्या दवाखान्याच्या खाती मांडायचे? ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं रक्तदाबाचं कार्ड आहे ते इकडे, त्याची कोपी, म्हणजे उसाच्या फडावरची झोपडी, पश्चिम महाराष्ट्रात कुठे तरी. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या हाती देणं ही त्याची एक कळीची गोष्ट, आणि घराजवळच्या माणसाला तिचा मोठा आधार होतो. फडावरच्या माणसाचं मात्र महिन्याने काय? तो आला नाही, एवढंच रजिस्टरला कळतं. का आला नाही, हे त्यालाच विचारावं लागेल.

आणखी एक अडचण शब्दांची आहे. ‘बरं होणं’ म्हणजे आजार जाणं, आणि ‘बरं आहे’ म्हणजे चाललंय, तक्रार नाही. जो या आजारातून कधीच बरा होणार नसतो, तो माणूस दिवसातून चार वेळा ‘बरं आहे’ म्हणतो. ओपीडीत मान खाली घालून लिहिता लिहिता डॉक्टर विचारतात, “काय आजी, कसं वाटतंय?” बाहेर बाकावर चाळीस माणसं असतात. आजी म्हणतात, “बरंय.” २०१७ मध्ये बीएमजे ओपनमध्ये आलेल्या एका आढाव्यानुसार प्राथमिक उपचारासाठी आलेल्या रुग्णाला डॉक्टरांकडून मिळणारा वेळ स्वीडनमध्ये २२ मिनिटांहून अधिक आणि भारतात सुमारे २ मिनिटं आहे. दोन मिनिटांत ‘बरंय’च्या आत शिरता येत नाही. मी यासाठी डॉक्टरांना दोष देत नाही. चाळीस माणसं त्यांनाही दिसत असतात.

मग विचारायचं कुणी आणि कुठे? माझं मत ठाम आहे: औषध देणाऱ्या हाताने विचारू नये, आणि दवाखान्याच्या छपराखाली विचारू नये. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ नावाची सोय केली, त्यात भेटीनंतर मोबाइलवर अभिप्राय मागितला जातो. ते चांगलंच झालं. पण दीर्घ आजाराची हकीकत मोबाइलच्या बटणावर मावत नाही. महाराष्ट्राकडे याहून मोठा अनुभव आहे. २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था तिचं राज्यपातळीवरचं काम बघत होती. गावातल्या लोकांनी एकत्र बसून आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं, हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचं. त्यात भर होता तो औषधं मिळतात का, बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का, यांवर. दमेकऱ्याचा पंप आणि मधुमेह्याचे पाय त्या पत्रकात यायला हवे होते, असं मला आज वाटतं. तरी एक गोष्ट तिथे सिद्ध झाली: एकटी बाई ‘बरंय’ म्हणते, पण दहाजणी गोल करून बसल्या की पहिली बोलते आणि मग दुसरीला आठवतं.

एक धोका मात्र डोळ्यांआड करता येत नाही. मोजमाप पैशाला बांधलं की ते वाकतं. अमेरिकेत रुग्णालयांना मिळणाऱ्या सरकारी पैशाचा काही भाग रुग्णांच्या अभिप्रायाशी जोडलेला आहे. वेदनेवर नीट उपाय झाला का, हा त्यातला एक विषय होता. चांगले गुण मिळावेत म्हणून अफूजन्य वेदनाशामकं सढळ हाताने लिहून देण्याचा दबाव येतो, अशी ओरड झाली आणि २०१६ मध्ये तिथल्या सरकारला तो विषय पैशाच्या हिशेबातून काढून टाकण्याचा निर्णय घ्यावा लागला. आपल्याकडे आशाताईंच्या वहीत आधीच इतके रकाने आहेत की आणखी वीस प्रश्न लादले तर त्या बिचाऱ्या रात्री दिव्याखाली बसून स्वतःच भरतील. मला हवी आहे ती जिल्ह्याजिल्ह्यांची क्रमवारी नाही. ज्या केंद्रातल्या रुग्णांनी सांगितलं, त्याच केंद्रातल्या सिस्टर, फार्मासिस्ट आणि डॉक्टरांच्या टेबलावर ते महिन्याभरात परत आलं पाहिजे. तुमच्या शंभर मधुमेह्यांपैकी इतक्यांना उपवासाचं कुणीच सांगितलेलं नाही, हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं, तर त्यातले बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी सांगायला लागतील, याची मला खात्री आहे. माणसं वाईट नाहीत. त्यांना दिसत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी मी ते वीस प्रश्न मराठीत उतरवले आणि आईला विचारले. ती शेंगा सोलत बसली होती. उपचार ठरवताना तुझं मत विचारलं का, यावर तिला हसू आलं. “माझं कशाला? तुला विचारतात की.” मी थांबले. इतकी वर्षं खोलीत गेल्यावर बोलते ती मीच. भेटीनंतर कुणी चौकशी केली का, यावर मात्र तिने होकार दिला. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. इन्सुलिन आलं की तो फोन करतो आणि “काकू, थंड पिशवी घेऊन या” असं आठवणीने सांगतो. प्रश्नावलीत त्याच्यासाठी रकाना नाही. मी कागदाच्या समासात त्याला पाच गुण दिले.

वीस प्रश्न संपले तेव्हा अंधारून आलं होतं. मी सहज म्हटलं, “आणि तुला कुणी काय विचारायला हवं होतं?” तिने सोललेल्या शेंगा एकीकडे सारल्या.

“पाय जळतात रात्री. तळवे. ओलं फडकं गुंडाळून झोपते मी.”

“कधीपासून?”

“झाली की दोन वर्षं.”

दोन वर्षांत आठ तारखा पडल्या होत्या. आठही वेळा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होते. मी पिशवीतून शेवटचा केसपेपर काढला आणि त्याच्या पाठीमागे, पुढच्या तारखेसाठी, ते लिहून ठेवलं. तिच्याच शब्दांत.