टॉनिकनं न भरणारं रक्त

कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या की घरात लोहाचं टॉनिक येतं, कलेजी शिजते. गोचिडांनी किंवा जंतांनी रक्त शोषलं असेल, तर त्याचा थोडाफार उपयोगही होतो. पण एका आजारात तयार झालेलं रक्त शरीर स्वतःच मोडत असतं, आणि तिथे हा सगळा खटाटोप वाया जातो.

निरोगी कुत्र्याची तांबडी पेशी साधारण 110 ते 120 दिवस जगते. या आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर प्रतिपिंडं चिकटवते आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्यांना अकाली गिळतात. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. पेशी मोडल्या तरी त्यांतलं लोह बहुतांशी शरीरातच राहतं, मग वरून आणखी लोह पाजून काय साधणार?

थांबवायची असते ती मोडतोड. ती कशानं सुरू झाली हे आधी शोधावं लागतं, आणि आपल्याकडे पहिला संशय गोचिडांवरच घ्यावा. त्यांच्यातून पसरणारा बबेसिया गिब्सोनी हा परजीवी 1910 मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांत आणि पुढे कोल्ह्यांत सापडला. तो रक्तात दिसला तर त्याचं औषध द्यावंच लागतं. प्रतिकारशक्ती आवरायला प्रेडनिसोलोन असतं, सुरुवातीला दिवसाला किलोमागे सुमारे 2 मिलिग्रॅम.

शरीर रक्त मोडतंय, तर बाहेरचं रक्त कशाला चढवायचं? तेही मोडलं जाऊ शकतं, हे खरं. पण औषधाचा गुण यायला काही दिवस लागतात आणि प्राणवायू आजच हवा असतो. शिवाय रक्त इतकं कमी असूनही ते गोठतं. यातली बरीच कुत्री फुप्फुसात गुठळी अडकून जातात, त्यामुळे गुठळी न होण्याचं औषधही सोबत द्यावं लागतं.

खरी कसोटी लागते ती कुत्रं खेळायला लागल्यावर. तांबड्या पेशींचं प्रमाण दोनेक आठवडे टिकलं की प्रेडनिसोलोन पावपट कमी करायचं, पुन्हा सुमारे तीन आठवडे थांबून रक्त तपासायचं, मगच पुढची कपात. यात काही महिने जातात. तोवर या औषधानं कुत्रं घटाघटा पाणी पितं, घरात लघवी करतं, अन्नावर तुटून पडतं. वैतागून किंवा काळजीनं घरचे गोळी एकदम बंद करतात. मोडतोड पुन्हा सुरू होण्याचा धोका असतोच, त्यात इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यानं सुस्तावलेल्या अधिवृक्क ग्रंथी ऐनवेळी कामाला लागत नाहीत.