हिशेबात बसलेली लाच

पेशवाईतल्या मामलेदाराच्या वार्षिक हिशेबात ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ अशी एक बाब असे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला. त्यात या बाबीची सारी कुळकथा आली आहे. हा पैसा मुळात चोरून द्यायचा असे. हिशेब तपासणारे आणि त्यांच्यावरचे कारभारी गप्प राहावेत म्हणून मामलेदार रयतेकडून जादा वसुली करी आणि त्यातून तो भागवी. हळूहळू देण्याघेण्याचे आकडे इतके पक्के झाले की त्यांचा दस्तूर पडला, दस्तुराची नोंद होऊ लागली आणि नोंद इतर खर्चांबरोबर रीतसर तपासली जाऊ लागली. पण जी रक्कम कागदावर आली तिने कोणाचे तोंड बंद होणार? तेव्हा तिच्यावर आणखी एक गुप्त रक्कम आली आणि तिच्यासाठी आणखी एक वसुली. तपासणारे असल्या नाजूक बाबतीत फार खोलात शिरत नसत, त्यामुळे मामलेदार वर पोचवायचे त्यापेक्षा जास्त स्वतःसाठीच काढून घेई.

एल्फिन्स्टन विजेता होता. हरलेल्या राज्याची घाण दाखवण्यात त्याचा फायदाच होता, हे धरूनही त्याचे निरीक्षण मोलाचे आहे. लाच मान्य केली की संपत नाही, ती एक पायरी वर सरकते, हे त्यातून दिसते.

त्याआधीच्या काळात चिंता वेगळी होती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अधिकाऱ्यांनी पैसा खाण्याच्या ४० तऱ्हा सांगितल्या आहेत: वसुली आधी झाली आणि नोंद नंतर केली, जमा एकाकडून आणि नाव दुसऱ्याचे, वगैरे. अपहार उघड करून तो सिद्ध करणाऱ्याला त्या रकमेचा सहावा हिस्सा बक्षीस, तो माणूस चाकर असेल तर बारावा. लेखापरीक्षणाचे हे ज्ञान थक्क करणारे आहे. पण या प्रकरणाचा डोळा राजाच्या कोशावर आहे. कोशात किती तूट आली, हा प्रश्न. अधिकाऱ्याचा खिसा आणि त्याचे पद या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, ही समजूत पक्की व्हायला फार वेळ लागला. वतन, हक्क, नजराणा यांवर चालणाऱ्या कारभारात पद हे उत्पन्नच होते. दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने, जो जास्त देईल त्याला देण्याचा सपाटा लावला, तेव्हा मक्तेदाराने रयतेला पिळले यात नवल ते काय! अशा जगात रामशास्त्री प्रभुणे यांची आठवण लोकांनी जपली. घरात एका दिवसापुरतेच धान्य ठेवणारा न्यायाधीश, असे ग्रँट डफ त्यांच्याविषयी लिहितो.

कंपनीचे साहेब तरी कुठे वेगळे होते? प्लासीनंतर रॉबर्ट क्लाइव्हला बंगालच्या नवाबाकडून सव्वादोन लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली आणि ती त्याला नजराणाच वाटत होती. गंमत अशी, की १७६५ मध्ये कंपनीच्या नोकरांकडून ‘भेटी घेणार नाही’ असे करारनामे लिहून घेण्याचे काम याच क्लाइव्हकडे आले. १७७३च्या रेग्युलेटिंग ॲक्टने भेटींवर कायद्याची बंदी घातली. त्याच वर्षी पार्लमेंटने क्लाइव्हला मिळालेल्या पैशाची नोंद घेतली आणि त्याने देशाची मोठी सेवा केली, असाही ठराव केला. वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग १७८८ ते १७९५ असा ७ वर्षे चालला आणि तो निर्दोष सुटला. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने दुसरा उपाय काढला: साहेबांचे पगार भरपूर वाढवले आणि हिंदी माणसांना वरच्या जागांवरून हटवले. लाच हा नेटिव्हांचा स्वभावदोष, अशी समजूत त्यामुळे राज्यकारभाराच्या पायातच घातली गेली. १८६०च्या दंडसंहितेने कलम १६१ मध्ये कायदेशीर मोबदल्याखेरीज दुसरे काहीही घेणे हा लोकसेवकाचा गुन्हा ठरवला. कागदावर तरी खिसा आणि पद वेगळे झाले.

लाच हा नेटिव्हांचाच दोष, या समजुतीला तडा गेला तो पुण्यात. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर म्हणून गाजलेला आर्थर क्रॉफर्ड पुढे मध्य विभागाचा कमिशनर झाला. कर्जात बुडालेला हा साहेब बदल्याबढत्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतो, असा आरोप १८८८ मध्ये झाला. पैसे देणाऱ्यांनी साक्ष दिल्याशिवाय आरोप सिद्ध होणे शक्य नव्हते. म्हणून गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने मामलेदारांना अभय दिले आणि त्यांनी साक्षी दिल्या. मध्यस्थ हणमंतराव जहागिरदाराला कोर्टाने शिक्षा केली. चौकशी आयोगाने मात्र क्रॉफर्डला लाचेच्या आरोपातून मोकळे केले. हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याचा ठपका ठेवून त्याला नोकरीतून काढण्यात आले.

खरा तमाशा त्यानंतरचा. हे मामलेदार मॅजिस्ट्रेटही होते. ज्यांनी स्वतः लाच दिल्याची कबुली दिली ते न्यायासनावर कसे बसणार, असा ओरडा झाला. मुद्दा खोटा नव्हता. पण मग सरकारने दिलेल्या शब्दाचे काय? टिळकांनी मामलेदारांची बाजू घेऊन रान उठवले. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला, १८८९ मध्ये साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा करावा लागला, तरीही काहींची नोकरी गेलीच. साहेब मोकळा आणि मामलेदार घरी, हा निकाल पुण्याने विसरण्यासारखा नव्हता.

या वादात रयत मात्र कुठेच नव्हती. क्रॉफर्डला दिलेला पैसा मामलेदारांनी आणला कुठून, हे विचारायला जोतीराव फुले यांच्याकडे वळावे लागते. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक त्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केले. त्यात कुलकर्ण्यापासून कचेरीतल्या कारकुनापर्यंत शेतकरी कसा नागवला जातो ते आहे, आणि आळशी गोऱ्या अंमलदारांनाही त्यांनी सोडलेले नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला आज फुल्यांचे नाव आहे. नाव बदलणाऱ्यांच्या मनात हा योग होता की नाही कोण जाणे.

नाटककारांनी दोन टोकांकडून हा विषय धरला. गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘अंमलदार’ रचले. तिथे सगळे गाव भ्रष्ट, म्हणून सगळेच हास्यास्पद. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) मुलगी देऊन कोतवाली मिळते. पैशाखेरीज आणखी कशाकशाने लाच देता येते, हे त्या नाटकाइतके निर्दयपणे मराठीत क्वचितच कोणी दाखवले असेल.

स्वतंत्र भारतात सुरुवात कडक झाली. मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन तिचे काम संसदेत रेटल्याबद्दल खासदार एच. जी. मुदगल यांना १९५१ मध्ये जावे लागले. त्यांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी पुढे अर्थमंत्री झाले आणि १९५८ मध्ये मुंदडा प्रकरणात त्यांनाच राजीनामा द्यावा लागला. १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सिमेंटचे वाटप आणि मुख्यमंत्री अंतुले यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडला आणि ते पायउतार झाले. पैसा इथे पावतीसह आला होता. मुदगल यांचे प्रकरण संसदेने निकालात काढले, पण खासदाराच्या लाचेला फौजदारी कायदा लागतो का, हा प्रश्न उरला. १९९३च्या अविश्वास ठरावातल्या मतांच्या प्रकरणात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ असा निकाल दिला: पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला संरक्षण, घेऊन मत न देणाऱ्याला नाही. म्हणजे घेतल्या पैशाला जागला तो वाचला! हा निकाल ७ न्यायाधीशांच्या पीठाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला, म्हणजे २६ वर्षांनी.

क्रॉफर्ड प्रकरणातला देणाऱ्याचा प्रश्न भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीने पुन्हा पुढे आला. लाच देणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली, तर ७ दिवसांत तक्रार करणाऱ्याला सूट आहे. आधी पोलिसांना कळवून सापळ्यासाठी नोटा देणाऱ्यालाही आहे. फेरफार अडलेल्या शेतकऱ्याला मात्र तक्रारीनंतरही, पुढचा उतारा काढायला, त्याच कचेरीत जायचे असते.