परकाराचे माप

उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही ज्याला 'परकार' म्हणतो, तो मराठी शाळेत कंपास होतो. दायऱ्याचे वर्तुळ होते, निस्फ कुतरची त्रिज्या होते. आमची मुले दहावीनंतर आयटीआयला किंवा मराठी कॉलेजात गेली की सुरुवातीला या नावांतच अडखळतात. माप मात्र बदललेले नसते. पाच सेंटीमीटर सगळीकडे पाचच.

माप न बदलणे हा आपण सद्गुण मानतो. सचोटीचा माणूस म्हणजे घरी एक आणि बाजारात दुसरा, असा नसलेला. पण सगळ्यांना एकच माप लावले म्हणजे न्याय झाला का? नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात बापाच्या हाताखाली क्रेट उचलणारा मुलगा आणि घरी शिकवणी असलेला मुलगा, दोघांना दहावीची प्रश्नपत्रिका तीच आणि तपासणीही तीच. थोडे ढिले सोडा, गरीब पोर आहे, असे म्हणणारे मनाने चांगले असतात. परंतु ढिल्या स्क्रूच्या परकाराने काढलेले वर्तुळ जिथून निघाले तिथे परत मिळत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. सवलतीने पुढे ढकललेला मुलगा पुढच्या दारात अडतो, आणि तिथे त्याच्यासाठी रदबदली करायला कोणी नसते.

भूमितीत परकाराचे दोन प्रकार मला फार बोलके वाटतात. युक्लिडचा परकार कागदावरून उचलला की मिटतो, असे धरलेले आहे. त्याला माप सांभाळता येत नाही. तरी ग्रंथाच्या पहिल्याच खंडात तो एक लांबी दुसऱ्या जागी नेऊन दाखवतो. फक्त जादा वर्तुळे काढण्याचे कष्ट घ्यावे लागतात. दुसऱ्या टोकाला अबुल वफा अल्-बूजजानी (९४० ते ९९८), बगदादचा गणिती. कारागिरांसाठी लिहिलेल्या भूमितीच्या पुस्तकात त्याने कितीतरी आकृत्या परकाराचे तोंड न बदलता काढल्या आहेत. गंजून एकाच मापावर अडकलेला परकार समजा. माप तेच, सुई मात्र पुन्हा पुन्हा नव्या बिंदूवर.

आपल्या जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यातले गोल चैत्यगृह पाहा. स्तूपाभोवती १२ अष्टकोनी खांब. एवढे वर्तुळ हातातल्या परकाराने निघत नाही, तिथे खुंटी आणि दोरी हवी. त्रिज्येएवढी दोरी परिघावर ठेवत गेले की बरोबर सहा भाग पडतात, त्यांचे अर्धे केले की बारा. दोरी लांबवावी लागत नाही, खुंटी हलवावी लागते.

आपल्या समाजात शिक्षणावर सभा होतात तेव्हा सारी चर्चा दोरीच्या लांबीवर चालते. गुण वाढवा, पेपर सोपा करा. खुंटी कुठे ठोकायची, याचा विषय निघत नाही. प्रश्नपत्रिका तीच राहू द्या. पण बाजारातून परतलेल्या मुलासाठी मगरिबनंतर मोहल्ल्यातच तासभर वर्ग भरवा. जुन्नरला भरवा, घोडेगावला भरवा. या तासाचा पगार नसतो आणि म्हणून आम्ही शिक्षक त्याला नाखूष असतो, हे बी.एड. झालेल्या माणसाने तरी लपवू नये. मुलांच्या आयांना हे सगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या एवढेच विचारतात, "सर, कित्ते बजे भेजूं?"