उरलेले दिवस

२०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या नातीने एक देश वसवला. बारा वर्षांच्या माणसाला देश वसवायला फारसे साहित्य लागत नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेची गेल्या सालची पाने, एक रंगपेटी आणि दुपारी डुलकी घेणारे आजोबा, एवढ्यावर भागते. आधी नकाशा झाला, मग नद्या झाल्या, मग लिपी. राजा नव्हता, त्याबद्दल मी तिचे अभिनंदन केले. आणि मे महिना सरता सरता, मुलुंडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर घामाच्या धारा लागलेल्या असताना, त्या देशाचे पंचांग सिद्ध झाले.

पंचांग मोठे देखणे होते. महिने बारा आणि प्रत्येकाचे दिवस तीस. आठवडा सहा दिवसांचा, म्हणजे महिन्याला बरोबर पाच आठवडे. पालवी, काजवा, पतंग, हिमाळ अशी महिन्यांची नावे. ऋतू चार. हिमाचे सलग तीन महिने होते, आणि हिम म्हणाल तर तिने ते फक्त आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात पाहिलेले आहे.

“आणि पाऊस?” मी विचारले.

“तो रोज रात्री दहाला सुरू होतो आणि पहाटे चारला थांबतो. म्हणजे बाबांची गाडी चुकत नाही.”

मध्य रेल्वेने रोज कामाला जाणाऱ्याच्या मुलीने पावसाची सोय लावावी ती अशीच. एवढ्या वेळात विहार आणि तुळशी हे तलाव भरतील का, अशी एक शंका मनात आली. पण ती मी गिळली आणि दुसरी काढली. “वर्षाचे दिवस तीनशे साठच झाले. उरलेल्या पाचांचे काय केलेस?”

“उरतच नाहीत, आजोबा. तिथली पृथ्वी सूर्याभोवती तीनशे साठ दिवसांतच फिरते. चंद्र तीस दिवसांत. माझा देश आहे ना!”

यावर मला काही बोलता आले नाही. पण तिच्या त्या उत्तराने माझी दुपारची झोप उडवली, ती बरेच दिवस. शाळेत आम्हांला भागाकार शिकवताना मास्तर म्हणत, बाकी शून्य आली की गणित देखणे. हे जग ज्याने निर्माण केले त्याला बाकी शून्य आणता येऊ नये? चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा, सूर्याचे वर्ष तीनशे पासष्ट दिवस आणि वर सुमारे सहा तास. यातले काही कशाने पुरते भागत नाही. माणसाने बिनचूक जगाची इच्छा धरली, तर त्यात त्याचे काय चुकले?

ही इच्छा पोरकट आहे असे म्हणून सुटका होत नाही, कारण मोठमोठ्यांनी ती धरलेली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या लोकांनी १७९३ साली जुने कॅलेंडर मोडीत काढले आणि तीस-तीस दिवसांचे बारा महिने केले. आठवडा केला दहा दिवसांचा. फाब्र देग्लांतीन नावाच्या कवीने महिन्यांना धुक्याचा, हिमाचा, पावसाचा, अंकुरांचा अशी गोड नावे दिली. माझ्या नातीला ती फार आवडली असती. पण सातव्या दिवसाची विश्रांती दहाव्या दिवसावर गेली तेव्हा कष्टकऱ्यांना त्या नावांची गोडी उरली नाही, आणि १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने जुनीच गणना परत आणली. तोवर फाब्र कधीच गेला होता. एप्रिल १७९४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला, तो महिना नव्या पंचांगात अंकुरांचा होता. नाव त्यानेच ठेवलेले.

आणि एवढे करूनही पाच दिवस उरलेच! लीप वर्षी सहा. ते वर्षाच्या शेवटी सणांचे म्हणून निराळे ठेवावे लागले.

टोल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाचे उदाहरण तर याहून नवलाचे. १९५५ साली त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा शेवटचा खंड निघाला, त्याच्या परिशिष्टात त्यांनी आपल्या कल्पित देशाचे पंचांग दिले आहे. त्यातही तीस दिवसांचे बारा महिने आहेत, पण पाच दिवस महिन्यांच्या बाहेर ठेवलेले आहेत. वर्षाच्या मधोमध येणारा दिवस तर कुठल्या महिन्यातही नाही आणि कुठल्या वारातही नाही. या गृहस्थांना कोण अडवणार होते? लेखणी त्यांची, सूर्य त्यांचा. तरी त्यांनी बाकी ठेवली. का ठेवली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, जिथे काहीच उरत नाही अशा देशात कुणी खरोखर राहते आहे असे त्यांनाही वाटले नसावे.

आपल्याकडेही शहाण्या लोकांनी नीटनेटके पंचांग करून पाहिले. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी ही आपली माणसे होती. २२ मार्च १९५७ रोजी भारतीय राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्या दिवशी १ चैत्र १८७९ होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. ऋतू सरकणार नाहीत, महिना चुकणार नाही, अधिक महिन्याची कटकट नाही, असे ते शास्त्रशुद्ध काम आहे आणि त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तथापि आमच्या बिऱ्हाडात त्या तारखेने कुणाचे बारसे झाले नाही, की कुणाचे श्राद्धही. लोकांना जुना, न जुळणारा चंद्रच हवा होता. त्यातही एकमत नाही ते नाहीच. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत अधिक महिना कधी वेगळा येतो आणि शेजारच्या दारात आकाशकंदील लागण्याआधी महिनाभर त्यांची दिवाळी होऊनही गेलेली असते. फराळाचे ताट मात्र इकडून तिकडे जाते आणि तिकडून इकडे येते.

अधिक महिना म्हणजे तरी काय? चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस होतात सुमारे तीनशे चौपन्न. सूर्य दर वर्षी अकरा दिवस पुढे राहतो. हे उरलेले दिवस साठत साठत साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना भरतो, आणि त्या महिन्यात सूर्याची एकही संक्रांत येत नाही. त्याला स्वामी नाही. त्यात लग्न नाही, मुंज नाही. म्हणून लोक त्याला मलमास म्हणू लागले. कथा अशी की, तो बिचारा रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला स्वतःचेच नाव दिले: पुरुषोत्तम मास. मी फारसा भाविक नाही, पण ही कथा ज्याने रचली त्याला माणसे कळत होती. आणि ज्या कुणा सासूबाईंनी याच महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देण्याची रीत घातली, त्यांना गणितही कळत असावे.

माझी पत्नी २०२३ च्या अधिक श्रावणात गेली. आमच्या गुरुजींनी सांगितले की वर्षश्राद्ध नेहमीच्या श्रावणात करायचे. मुलगा म्हणाला, इंग्रजी तारीखच धरू, रजा टाकायला बरे पडते. दोघांचेही बरोबर होते. नात तेव्हा दहा वर्षांची होती. तिने विचारले, “मग आजी गेली तो महिना परत येणारच नाही?” मी हिशेब करून सांगितले. चंद्रसूर्याचे गणित एकोणीस वर्षांनी पुन्हा जवळजवळ जुळते. याआधीचा अधिक श्रावण २००४ साली होता आणि तोही १८ जुलैलाच लागला होता. पुढचा २०४२ साली. “म्हणजे मी एकोणतीस,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आणि तुम्ही पंच्याण्णव.” तिचे गणित चांगले आहे.

हे सगळे मी विसरलो होतो असे नाही. पण तिच्या पंचांगाशी त्याचा संबंध मला दिसला नव्हता. तो दिसला कारवीमुळे. आमच्या घरामागे येऊरचे डोंगर आहेत. तिथे आणि बोरिवलीकडच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, सारा डोंगर जांभळा करते आणि बी धरून मरून जाते. २०१६ साली आम्ही दोघे नातीला कडेवर घेऊन ती पाहून आलो. २०२४ साली मी आणि नात गेलो. तिच्या देशातही कारवी आहे, पण तिथे ती दर वर्षी पतंग महिन्याच्या एक तारखेला फुलते. मी थोरपणाच्या सुरात म्हणालो, “दर वर्षी फुलली तर तिचे कौतुक काय राहिले?”

“आजीला खूप वेळा बघता आली असती,” ती रंग भरता भरता म्हणाली.

मी ज्याला बालिश नीटनेटकेपणा समजत होतो ती तक्रार होती, आणि ती योग्य ठिकाणी केलेली तक्रार होती. तिच्यावर उत्तर माझ्यापाशी नाही. दुर्मीळ म्हणून वस्तूला मोल येते, हे वाक्य मी आजवर दहा ठिकाणी वापरले असेल. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. ज्याचे माणूस गेले त्याला मोलाची महती सांगणे हे मला तेव्हाही सभ्यपणाचे वाटले नाही आणि आजही वाटत नाही. जग असे न भागणारे का केले, हा प्रश्न तिने विचारावा, मोठी झाल्यावरही विचारत राहावा. मला एवढेच दिसते की, आपल्या पूर्वजांनी त्या बाकीला हाकलून दिले नाही. तिला नाव दिले, तिच्यासाठी तळण काढले. ते उत्तर नव्हे, पण दाराशी आलेल्याला बसायला पाट देणे झाले.

म्हणून मी तिच्याशी वाद घातला नाही. फक्त पंचांग उघडून पावसाच्या नक्षत्रांचे पान तिच्यापुढे ठेवले. सूर्य मृगात, आर्द्रात शिरतो, दर तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलते आणि प्रत्येक नक्षत्राला वाहन असते: बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, कोल्हा, गाढव. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. वेधशाळा यावर हसेल, आणि तिने हसावेही. पण वाहन ठरते कसे ते नातीला सांगितले. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकी काय उरते ते पाहायचे.

“बाकीवरून बेडूक?” तिने विचारले. रंगपेटी पुन्हा उघडली गेली.

तिच्या देशात आता पाऊस म्हशीवर बसून येतो. वेळ मात्र रात्री दहाचीच आहे, तिथे ती तडजोड करायला तयार नाही. कारवीही दर वर्षीच फुलते. तीनशे साठाचे तीनशे एकसष्ट झालेले नाहीत. दिवाळीला सूनबाईने अनारशांचे तांदूळ भिजत घातले तेव्हा ती रोज पाणी बदलायला उठत होती. तीन दिवस कशाला, एकाच दिवसात का भिजत नाहीत, असे तिने विचारले. मी म्हटले, आईला विचार. सूनबाई म्हणाली, आजीची वही बघ. वहीत लिहिले होते: तीन दिवस, थंडी असल्यास चार.